प्रूफवरची सही

माझ्या दुकानात एक लोखंडी कपाट आहे. त्यात फक्त लोकांनी सह्या केलेले कागद आहेत. कर्जतला छपाईचं दुकान टाकलं त्या वर्षापासूनचे. दुकान आता पुतण्या बघतो, मी दारातल्या झेरॉक्स मशीनवर बसतो, पण कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.

आमच्या धंद्यात छापायचा मजकूर आधी साध्या कागदावर काढून गिऱ्हाइकाला दाखवतात. त्याला प्रूफ म्हणतात. गिऱ्हाइकाने ते वाचायचं, चुकांवर खुणा करायच्या आणि सगळं बरोबर असेल तर खाली ‘ओके’ लिहून तारखेसकट सही करायची. सही झाली की पुढची चूक गिऱ्हाइकाची. प्रूफप्रमाणे छापलं नाही तर चूक आमची, आणि मग पुन्हा छापून द्यायचं ते आमच्या खर्चाने. चाळीस वर्षांत मी दुसरा कुठला कायदा इतका मनापासून पाळला असेन असं वाटत नाही.

मोहोपाड्याच्या कामगार वसाहतीतले एक गृहस्थ तीन मेहुण्यांना घेऊन दुकानात आले होते. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त सकाळचा आणि पत्रिकेत छापला होता संध्याकाळचा. मेहुणे अंगाने भरलेले होते. मी कपाट उघडलं आणि प्रूफ पुढे ठेवलं. गृहस्थांनी स्वतःची सही बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, “पेन आहे का?” चौघांनी बाकावर बसून चारशे पत्रिका हाताने दुरुस्त केल्या. मी दोनदा चहा पाजला आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

पुढे फ्लेक्स आले आणि पत्रिका मागे पडल्या. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स केला आणि पंधरा दिवसांत त्यांच्याच श्रद्धांजलीचा करावा लागला. कार्यकर्ते म्हणाले, “फोटो तोच राहू द्या, हसरा आहे.” मी फक्त फुगे काढले. असल्या गोष्टी सांगायला लागलो तर अंक पुरणार नाही. पण या वेळी मला एकाच गिऱ्हाइकाबद्दल लिहायचं आहे.

त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. दुकानापासून दोन गल्ल्या सोडून त्यांनी सॉफ्टवेअर शिकवण्याची संस्था काढली होती. नाव लिहीत नाही. त्यांनी ते तीनदा बदललं आहे, कुठलं लिहू? मे महिन्यातसुद्धा कोट घालत. बोलणं गोड आणि बिल त्याच दिवशी चुकतं करत. छापखान्यात बिल त्याच दिवशी चुकतं करणारा माणूस दिसला की आमची विचारशक्ती थांबते.

त्यांचं पहिलं माहितीपत्रक मीच केलं. आत हसऱ्या तरुण मुलामुलींचे फोटो हवे होते. मी म्हटलं, “तुमच्या विद्यार्थ्यांचे द्या.” सर म्हणाले, “अजून बॅच सुरू व्हायची आहे, तुम्हीच बघा काही तरी.” मी इंटरनेटवरून सहा जण निवडले. त्यातली एक मुलगी फारच छान हसत होती. तिला मी आधी मोहोपाड्याच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या बोर्डावर वापरलं होतं. वर्षभराने सरांनी मोहोपाड्यालाही शाखा काढली, नेमकी त्याच डॉक्टरांच्या समोर. रस्त्याच्या एका बाजूला ती मुलगी दात शुभ्र करून घ्यायला सांगत होती आणि दुसऱ्या बाजूला ‘आमची यशस्वी विद्यार्थिनी’ होती. एकाही माणसाने विचारलं नाही. मला मात्र ती गंमत वाटायची. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती सांगतही असे.

माहितीपत्रकावर ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ असं मोठ्या अक्षरात होतं आणि तळाला ‘अटी लागू’. सर म्हणाले, “ते ‘अटी लागू’ जरा लहान करा.” मी सांगितलं, याहून लहान केलं तर शाई भरून ठिपका होईल. मग त्यांनी ते फिक्या राखाडी रंगात करून घेतलं. मी विचारलं, “अटी कुठे छापायच्या?” ते म्हणाले, “त्या अजून लिहिल्या नाहीत.” मी मान डोलावली आणि प्रूफवर सही घेतली.

‘फुल स्टॅक डेव्हलपर’ म्हणजे काय ते मला आजही नीट माहीत नाही. छापलं मात्र मी ते वीस प्रकारच्या अक्षरांत.

एका दिवाळीच्या आधी सर पुण्याचा पत्ता असलेल्या कुठल्याशा कंपनीचं लेटरहेड करायला आले. म्हणाले, “आमचीच सिस्टर कंपनी.” मी जाड बाँड कागद काढला. बोधचिन्ह त्यांनी लाल आणलं होतं. मी स्वतःहून म्हणालो, “सर, निळं ठेवा. निळ्यावर लोकांचा विश्वास बसतो.” त्यांना पटलं. प्रूफवर ‘ओके’ लिहून त्यांनी सही केली आणि मी तो कागद कपाटात टाकला.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी बाळाराम आला. भिवपुरीच्या पलीकडच्या गावातला. थोडी शेती आणि कॉलनीत माळीकाम. त्याच्या घरच्या बारशापासूनची सगळी छपाई माझ्याकडे. हातात पेढे होते.

“नजीरभाय, पोरीला नोकरी लागली. सॉफ्टवेरमधी. मोठा बोर्ड पायजे, चौकात लावायचाय.”

आमच्याकडे नोकरी लागणं हे घरचं काम नसतं, गावचं असतं. मधे पोरीचा फोटो, वर ‘हार्दिक अभिनंदन’, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. बाळारामने एकेचाळीस चेहरे आणले होते. एक जण आदल्या दिवशी रुसला म्हणून चाळिसांवर एक वाढला होता. मी म्हटलं, “कंपनीचं नाव?” त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून पत्र काढून दिलं, त्यावरून बघून घ्या म्हणाला.

पत्र हातात आल्यावर वाचायची गरज पडली नाही. कागद माझा होता. निळं बोधचिन्ह माझं होतं.

मी गप्प बसलो. कारणं चार-पाच होती आणि सगळी चांगली होती. सिस्टर कंपनी खरंच असेल. सरांचं पुढच्या बॅचचं काम मशीनवर होतं. बाळाराम पेढे घेऊन आला होता, आणि पेढे तोंडात असताना कुणाला काय सांगणार? मी प्रूफ काढलं. बाळारामने प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून एकेचाळीस जण मोजले आणि सही केली. “बरोबर हाय ना सगळं?” त्याने मला विचारलं. मी म्हटलं, “बरोबर आहे.”

आठ बाय सहाचा फ्लेक्स झाला. आठवड्याभरात सरांनी त्या फ्लेक्सचा चौकातला फोटो मागवून घेतला आणि तो पुढच्या माहितीपत्रकात टाकायला माझ्याकडेच पाठवला. मी टाकला.

माझ्या दुकानासमोर वाचनालय आहे. उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, एक मुलगी रोज सकाळी दहाला डब्याची पिशवी घेऊन आत जाते आणि पाचला बाहेर पडते. चेहरा ओळखीचा वाटला. वाटणारच, मी तो चार फूट उंच छापला होता. बाळारामची प्रणाली. मला वाटलं सुट्टी असेल, मग वाटलं अभ्यास करत असेल. दुसऱ्याच्या अडचणीला आपल्याला सोयीचं कारण शोधून द्यायची मला सवय आहे.

एक दिवस ती झेरॉक्स काढायला आली. तेच निळं पत्र. मशीन गरम होईपर्यंत ती काउंटरला टेकून उभी होती.

“चाचा, फ्लेक्स किती दिवस टिकतो?”

मी धंद्याच्या सुरात सांगितलं, “साधा असेल तर सहा महिने. तुमचा जाडवाला, स्टार फ्लेक्स आहे, वर्षभर बघायला नको.”

तिच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि तिने ते पडू दिलं नाही. वर्षभर, हे मी अभिमानाने सांगितलं होतं.

मी स्टूल पुढे केलं. तिने थोडंथोडं सांगितलं. पहिले तीन आठवडे एक शिकवणारा होता. नंतर कळलं की तो आधीच्याच बॅचचा विद्यार्थी. तो गेल्यावर व्हिडिओ लावून द्यायचे. आठ कॉम्प्युटर, चालणारे तीन. मग फोनवर मुलाखत झाली, तिचं नाव आणि आवडता रंग विचारला, आणि हे पत्र मिळालं. सुरुवातीचं काम कर्जतच्याच केंद्रातून, असं त्यात होतं. रुजू व्हायला गेली तर पुढच्या सोमवारी या. असे बरेच सोमवार झाले. मधे लॅपटॉपसाठी अनामत मागितली. फी हप्त्याने भरायची म्हणून एका फॉर्मवर सही घेतली होती, ते तिच्या नावावरचं कर्ज निघालं. नोकरी नाही आणि वसुलीचे फोन मात्र तिला.

“घरी सांगितलंस?”

“कसं सांगू? चौकात मी लागलेय. बाबा रोज कामावर जाताना बघतो मला.”

म्हणून ती रोज डबा घेऊन निघत होती. फ्लेक्स उतरेपर्यंत नोकरीवर असणं तिला भाग होतं.

मी कपाट उघडलं. सरांच्या सहीचं प्रूफ काढून तिच्या पत्राशेजारी ठेवलं. दोन्हींवर तेच बोधचिन्ह, तोच पत्ता. तिने आधी कागदांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“बोर्ड छापायच्या आधी?”

“आधी.”

तिने पत्र घडी करून पिशवीत ठेवलं आणि ती उठली. त्या दिवसापासून तिने मला चाचा म्हणणं बंद केलं. ‘अहो’ म्हणायची, किंवा काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती प्रूफची झेरॉक्स मागायला आली. मी म्हटलं, झेरॉक्स कशाला, मी मूळ कागद घेऊन तुझ्या घरी येतो. ती म्हणाली, “बाबाला तुमी सांगा. मला नाय जमनार.”

संध्याकाळी बाळारामच्या अंगणात आम्ही बसलो. चौकातून येताना मी वर पाहिलं नाही.

“बाळाराम, पोरीच्या नोकरीचं पत्र माझ्या दुकानातल्या कागदावर आहे. ती कंपनी नाही. नुसता कागद आहे.”

“म्हंजे नोकरी?”

“नव्हतीच.”

त्याने हातातला कोयता बाजूला ठेवला. मग पोरीला म्हणाला, “मग रोज कुठं जात होतीस गं?”

“वाचनालयात.”

“डबा खायचीस ना?”

“खायची.”

त्याने मान हलवली. मला वाटलं होतं तो ओरडेल, कोयता नाही तर शिव्या तरी देईल. त्याची मी तयारी करून गेलो होतो. तो म्हणाला, “जाऊ दे नजीरभाय. सही मी केली ना तुमच्या त्या कागदावर. बरोबर हाय म्हनून. तुमचा नियमच हाय, सही ज्याची चूक त्याची.”

चाळीस वर्षं त्या नियमाने मला सांभाळलं होतं. मुहूर्त चुकले, नावं चुकली, एकदा नवरदेवाच्या जागी त्याच्या भावाचं नाव गेलं, मी कपाट उघडायचो आणि सुटायचो. त्या अंगणात मात्र मला त्या नियमाची शरम वाटली. बाळारामने बोट ठेवून एकेचाळीस चेहरे तपासले होते. जे त्याला दिसणं शक्यच नव्हतं ते मला दिसलं होतं आणि मी त्याच्याकडून सही घेतली होती.

मी म्हटलं, “नाही बाळाराम. ही चूक छापणाऱ्याची.”

“मग?”

“छापणाऱ्याची चूक असली की आम्ही पुन्हा छापून देतो. आमच्या खर्चाने.”

“आता काय छापनार?”

ते मला माहीत नव्हतं. प्रणाली इतका वेळ दाराला टेकून होती. ती म्हणाली, “ते पत्र खोटं हाय असं छापा. माझं नाव नको. तुमचं टाका. फोटो पन तुमचाच.”

दुसऱ्या दिवशी आठ बाय सहाचाच नवा फ्लेक्स झाला. वर ‘खुलासा’. खाली: या कंपनीचं लेटरहेड मी माझ्या दुकानात छापलं आहे, अशी कंपनी असल्याचं मला माहीत नाही, नोकरीचं असं निळं पत्र कुणाकडे असेल तर ते घेऊन मला भेटा. खाली माझा फोटो, शुभेच्छुक कुणी नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःला कधी फ्लेक्सवर टाकलं नव्हतं. फोटो हसरा आला होता, तो बदलून गंभीर घेतला. बाळारामने पोरीचा फ्लेक्स स्वतः उतरवला आणि त्याच बांबूंना, त्याच सुतळीने मला बांधलं. दुसरी प्रत दुकानाच्या दारावर लावली.

दुपारीच सरांचा फोन आला. “नजीरभाई, आपले इतके जुने संबंध. हे काय चालवलंय? ही बदनामी आहे.”

मी म्हटलं, “सर, प्रूफवर तुमची सही आहे.”

पंधरा दिवसांत नऊ जण पत्रं घेऊन आले. ठाकुरवाडीचा एक मुलगा आला, त्याने लॅपटॉपची अनामतही भरली होती. खालापूरकडची एक आई मुलाला न सांगता आली. तिने पत्र लॅमिनेट करून आणलं होतं. लॅमिनेशन माझ्याच दुकानातलं होतं.

तक्रार कशी करतात ते आम्ही करताकरता शिकलो. फसवलेला माणूस आधी रागाने मोबाईलमधले सगळे निरोप पुसून टाकतो. ते ठेवायचे असतात, आणि फीच्या पावतीइतकेच जपायचे असतात. तोंडी तक्रार केली तर समोरचा मान हलवतो आणि तुम्ही घरी येता. लेखी द्यायची आणि शिक्क्याची पोच घ्यायची. सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात अर्ज गेला, कर्ज देणाऱ्यांना पोलीस तक्रारीची प्रत जोडून वेगळं पत्र लिहिलं. ती सगळी पत्रं प्रणालीने टाईप केली. कर्जाच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते तिने तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाचलं, आणि मग बाकीच्या नऊ जणांना मोठ्याने वाचून दाखवलं.

पोलीस ठाण्यात हवालदारसाहेबांनी सगळ्यांचे कागद चाळले. “या तर झेरॉक्स. मूळ सहीचं काही आहे?” मी प्रूफ पुढे केलं. त्यांनी ते उजेडात धरलं, तारीख पाहिली, सही पाहिली. मग मला विचारलं, “तुम्ही यात साक्षीदार का आरोपी?”

“ते तुम्ही ठरवा,” मी म्हटलं.

“सध्या बसा,” ते म्हणाले.

मी अजून साक्षीदार आहे. सर जामिनावर आहेत. वसुलीचे फोन थांबले, हप्ते निकाल लागेपर्यंत थांबवले आहेत, भरलेले पैसे कुणाचेच परत आलेले नाहीत. मध्यंतरी ओळखीच्या एका टेंपोवाल्याने दुसऱ्या तालुक्यातल्या एका नव्या संस्थेच्या बोर्डाचा फोटो पाठवला. नाव नवीन, मालक नवीन, पण दातांच्या डॉक्टरांच्या बोर्डावरची ती मुलगी तिथेही हसत होती. मी तिथल्या पोलिसांना पत्र लिहिलं आणि पोच मागितली. ती आली आहे.

आता झेरॉक्सला कुणी असल्या संस्थेचा फॉर्म घेऊन आला की मी मशीन थांबवून चौकशी करतो. ‘अटी लागू’ लिहिलंय, तर अटी कुठे आहेत ते विचारलंस का? ज्यांना नोकरी लागली म्हणतात त्यांच्यातल्या दोघांशी, संस्थेला मधे न घेता, बोललास का? नोकरी देणारा तुझ्याकडे पैसे का मागतोय? हप्त्याचा फॉर्म आहे की कर्जाचा? काही जण वैतागून दुसरीकडे झेरॉक्स काढायला जातात. पुतण्या म्हणतो, “चाचा, गिऱ्हाईक तुटतं.” तुटू दे.

या पावसाळ्याच्या शेवटी प्रणाली दुकानात आली. आयोगातल्या तारखांच्या निमित्ताने ती येतच असते, पण या वेळी हातात वेगळा कागद होता. मोहोपाड्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीचं पत्र. सॉफ्टवेअर नाही, मालाच्या नोंदी ठेवायचं काम. मी पत्राचा कोपरा बोटांत धरून चोळला.

“माझ्याकडचा कागद नाही,” मी म्हटलं.

“म्हाईत हाय. दोनदा जाऊन आलेय तिथं. आत बसलेल्या पोरींना पन विचारलं.”

मी दोन प्रती काढायला घेतल्या. जुन्या सवयीने तोंडातून गेलं, “फ्लेक्स?” आणि जीभ चावली.

ती पत्र पिशवीत ठेवता ठेवता म्हणाली, “बोर्ड हाय की अजून. बाबाने लाकडांवर टाकलाय, छापलेली बाजू खाली करून. दोन पावसाळे झाले. गळत नाय हां, चाचा.”

मशीनचा आवाज चालू होता, पण मी नीट ऐकलं. चाचा म्हणाली.